टाकीतली खिरापत

१

बंद झाकण दिसलं की ते उघडून पाहिल्याशिवाय मार्तंडराव भोयरांच्या घशाखाली घास उतरत नसे. नवा मिक्सर आणला की आधी खोलायचा, मग वापरायचा. उभी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेलेली, त्यामुळे पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे कळेपर्यंत या माणसाला चैन नाही. सिंधूताई, म्हणजे त्यांची बायको, कपाळावर हात मारून म्हणायच्या, "अजी, एखाद दिवस माह्या डोक्शाचं झाकण काढसान तुम्ही!"

हे 'अजी' म्हणजेच मार्तंडरावांचं घरातलं नाव. खरं नाव सिंधूताईंनी लग्नातल्या उखाण्यात एकदा घेतलं, तेही खाली मान घालून, आणि मग जन्मभर तोंडातून काढलं नाही. चहा झाला की अजी, पोळी करपली की अजी, राग आला तरी अजीच, फक्त जरा लांबवून. मार्तंडरावांची ओ द्यायची रीतही ठरलेली. आधी घसा खाकरणार, अंहं-अंहं, आणि मग बोलणार. मिनल, त्यांची शाळेत शिकवणारी मुलगी, त्याला बाबांचा हॉर्न म्हणायची.

मागच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सिंधूताईंना लकवा मारला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं पार गेलं. समजायचं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन परत फिरायचा. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालवा, पाण्यात अंगाचं वजन लागत नाही. बोलण्याचं मात्र ते काही सांगेनात. आता मार्तंडरावांनी काय करावं? धरमपेठेतलं राहतं घर विकलं आणि अमरावती रोडला, वाडीच्या पुढं, एका ट्रान्सपोर्टवाल्यानं हौसेनं बांधलेला बंगला घेतला. का, तर मागं पोहायचा छोटा तलाव होता.

"लोक घरात टाकं बांधतात बाबा," मिनल म्हणाली, "तुम्ही टाक्यासाठी घर घेऊन राहिले."

"चालू दे तिले आधी," मार्तंडराव म्हणाले. मनात मात्र चालणं दुसऱ्या नंबरवर होतं. त्यांना ते 'अजी' परत हवं होतं. एकदा ऐकलं असतं ना, तरी त्यांचं भरून पावलं असतं.

२

भादव्याच्या पुनवेच्या सुमाराला पाणी गढूळ व्हायला लागलं. मार्तंडराव रोज सकाळी मोटारीच्या खोलीत जायचे, मोटार लावायचे, दाबाचा काटा बघायचे. फिल्टर म्हणजे काय, तर माठासारखी गोल निळी टाकी, आत वाळू, तळाशी खडे. वरून पाणी जातं, वाळूत घाण अडकते, खालून स्वच्छ पाणी निघतं. घाण फार साचली की पाणी उलटं फिरवून वाळू धुवायची. पण आता कितीही धुतली तरी काटा चढलेलाच, आणि तलावाचा तळ दिसेना.

धरमपेठेतल्या फिल्टरच्या दुकानातून रजत आला. पोरगा गोड बोलायचा, माल खपवायची घाई नव्हती.

"काका, दोन रस्ते आहेत," तो टाकीवर हात ठेवून म्हणाला. "एक तर हीच टाकी ठेवा, आतली वाळू बदला. नाही तर टाकीच हटवा आणि कार्ट्रिजवाला लावा. घडीघडीचं कापड असते त्याच्यात, काढलं, नळाखाली धुतलं, परत बसवलं. वाळूची झंझट नाही. आणि आवाज तर बिलकुल नाही."

"अंहं-अंहं. आणि कापड फाटलं तं?"

"तं नवीन टाकायचं."

"आणि पंप याले मोठा नाही का होत? पाण्याचा जोर कापड सहन करते का?"

मार्तंडरावांची फैर सुरू झाली. रजतनं हसत हसत उत्तरं दिली, मग आत काही तुटलंय का ते ऐकायला त्यानं मोटार बंद केली. तलावातलं पाणी हळूहळू संथ झालं. बाहेर कडेला सिंधूताई खुर्चीत बसल्या होत्या, पदर ओला, नुकतं चालून झालेलं.

टाकीत खळ्-खळ् झालं. दोनदा. मग थांबलं.

"खालची नळी तुटली असन," रजत म्हणाला. "खडे हलून राहिले."

"मोटार तं बंद आहे ना गा."

रजतनं मोटारीकडं पाहिलं. "पाणी उतरत असन काका."

परत खळ्-खळ्. परत थांबलं. जणू कोणी डबा हलवला आणि वाट बघत उभं राहिलं. मार्तंडरावांच्या डोक्यात नळ्यांचं चित्र फिरायला लागलं, पाणी कुठून उतरेल, खडे कुठं आपटतील, आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला. जाड, अडखळता, पण स्वच्छ.

"फुटाणे," सिंधूताई म्हणाल्या.

३

मार्तंडराव त्या दिवशी रडले. लपवायचं काय त्यात? मिनल शाळेतून आली तेव्हा बापलेक दोघं सिंधूताईंच्या पायाशी बसून रडले, आणि सिंधूताई मधूनच फुटाणे, फुटाणे म्हणत हसत होत्या.

"फुटाणेच काहून बाबा?" मिनलनं डोळे पुसत विचारलं.

मार्तंडरावांना कळायला वेळ लागला नाही. महिना भुलाबाईचा होता. सिंधूताईंचं माहेर काटोलचं. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी जमायच्या, भुलाबाईची गाणी म्हणायच्या, आणि गाणी झाली की खिरापत. पण ती अशी सुखासुखी मिळायची नाही. घरची बाई झाकलेला डबा कानाशी हलवणार आणि विचारणार, ओळखा! आवाजावरून ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा नियम. अख्ख्या काटोलात सिंधूसारखी ओळखणारी नव्हती म्हणे. शेंगदाणे तळलेले की भाजलेले, तेसुद्धा सांगायची.

"टाकीतला आवाज ऐकून तिले डबा आठवला," मार्तंडराव म्हणाले. "डोक्शातली एखादी जुनी नळी मोकळी झाली, दुसरं काही नाही."

हिशोब पटण्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सिंधूताईंची खुर्ची मोटारीच्या खोलीच्या दारातच मांडली. मोटार लावली, बंद केली. टाकी खळखळली, या वेळी बारीक, भरीव.

सिंधूताईंनी मान कलती केली. डोळ्यांत काटोलची पोरगी उतरली. "शेंगदाणे."

आणि त्या एका शब्दामागून दिवसभरात आणखी दोन-चार शब्द आले. पाणी. मिने. नको. बंद नळातून आधी हवा यावी आणि मग पाणी, तसं. मार्तंडरावांनी रजतला फोन करून सांगितलं, "थांब जरा, वाळू का कार्ट्रिज, विचार करून राहिलो."

४

शेंगदाणे मार्तंडरावांनीच आणले. बायको दाणे म्हणाली, मग घरात दाणे नकोत? स्टीलच्या परातीत पुडा उलटा केला, आणि तसेच उभे राहिले.

दाणे पडले. परातीत पसरले, एक-दोन ओट्यावर उडाले. आवाज आला नाही.

त्यांनी परात उचलून हलवली. दाणे इकडून तिकडं गेले, कापूस सरकावा तसे. मार्तंडराव घाबरले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांचे डोळे चमकले. त्यांनी परातीत तांदूळ टाकले, छान खणखणले. दाणे टाकले, चूप. फुटाण्यांचा डबा काढून हलवला, तोही चूप. साखर वाजली, हरभरे वाजले, सुपारी वाजली. ओट्यावर अर्धं किराणा दुकान मांडलं गेलं आणि मार्तंडराव कमरेवर हात ठेवून म्हणाले, "गंमत आहे बुवा!"

मग वयाचा विचार आला. म्हाताऱ्या कानांना काही आवाज लागत नाहीत, हे त्यांनी वाचलं होतं. धरमपेठेत जाऊन कान दाखवून आले. डॉक्टर म्हणाला, काका, तुमचे कान माझ्याहून बरे आहेत.



टाकी मात्र रोज वाजत होती, आणि आता तिच्यात खाऊच असेल असं राहिलं नव्हतं. एका सकाळी आतून नाजूक किणकिण आली. सिंधूताईंनी कान दिला, ओठ हलवले, आणि म्हणाल्या, "बांगड्या."

संध्याकाळी मिनल आईची वेणी घालत होती. सिंधूताईंचा डावा हात पदराशी खेळत होता, वर-खाली, वर-खाली. मिनल थांबली. "आई, काचेच्या काढून प्लास्टिकच्या घातल्या का गं तू?" तिनं बांगड्या चाचपल्या. काचेच्याच होत्या, हिरव्या. दोन बांगड्या तिनं एकमेकींवर हलकेच आपटल्या. मग बापाकडं पाहिलं.

"बाबा, हे काय आहे?"

"ओलाव्यानं होत असन," मार्तंडराव म्हणाले. पाण्यात आयुष्य काढलेल्या माणसानं इतकं पोकळ उत्तर कधी दिलं नव्हतं.

५

नवरात्र संपेपर्यंत सिंधूताई पुरी वाक्यं बोलायला लागल्या. भाजीवाल्याशी घासाघीस केली. मिनलला म्हणाल्या, "किती वाळली वं तू, डबा खाते का नाही शाळेत?" मिनलनं आईच्या गळ्यात हात टाकून तिचे दोन्ही गाल ओढले. घराला महिन्यांनी घरपण आलं होतं.

आणि घर हळूहळू मुकं होत होतं. दाराची कडी वाजेना. देवघरातली घंटी हलवली तर फक्त हलायची. मार्तंडराव मनाशी सौदा तोलत होते. कडीचं काय एवढं? घंटी देव तशीही ऐकेल. या भावात बायको बोलती होत असेल तर घाटा कुठं आहे? एका दुपारी ते टाकीपाशी एकटेच उभे राहिले आणि हळूच बोलून गेले, "अंहं-अंहं. घे काय घ्याचं ते. पण तिले पुरतं बोलू दे."

कारण एक गोष्ट राहिलीच होती. सिंधूताई सगळ्यांना हाका मारत. भाजीवाल्याला, मिनलला, कुंपणावरच्या मांजरीला. नवरा हवा असला की मात्र खुर्चीच्या दांडीवर हात आपटत, पहिल्यासारखाच. 'अजी' आलं नव्हतं.

"सिंधू," शेवटी त्यांनी विचारलंच, "मले हाक मार ना एकदा. एकच डाव."

सिंधूताईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मायेनंच पाहिलं, पण जरा परकं, ओळखीचा माणूस आहे पण नाव आठवत नाही असं. मग नजर मोटारीच्या खोलीकडं गेली.

"वळखलं नाही अजून," त्या म्हणाल्या. "एक बाकी आहे. सगळ्यात खालचं."

त्याच आठवड्यात सिंधूताईंच्या अंगावर पुरळ उठलं, ताप चढला. गढूळ पाण्याचंच ते, डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. मिनल बापावर अशी कडाडली की विचारू नका. "महिना झाला तुमचा विचार चालू आहे! वाळू टाका, कापड टाका, काही टाका, पण आई त्या घाणीत उतरणार नाही आता!"

"हो, हो," मार्तंडराव म्हणाले. "वाळू बदलू. टाकी हीच ठेवू."

"टाकीच काहून ठेवायची?"



६

कोजागिरीच्या आदल्या दुपारी घरात दोघी झोपल्या होत्या. मार्तंडराव पान्हा घेऊन मोटारीच्या खोलीत गेले. वाळू बदलायची तर झाकण उघडावं लागणारच, मग आपणच का पाहू नये? कारण जुनंच होतं, खोटं कशाला बोला. इतके दिवस एक झाकण त्यांच्या डोळ्यांसमोर बंद होतं, आणि त्यांचा जीव त्यात अडकला होता.

खोलीत ऊन दारापर्यंत आलेलं. क्लोरीनचा वास. मोटार बंद, सगळ्या तोट्या बंद. झाकणावरच्या मुठीशेजारी बोटभर काचेची कुपी असते; उलटं पाणी फिरवताना ते स्वच्छ झालं का, हे तीतून बघायचं. मार्तंडरावांनी वाकून कुपीला डोळा लावला. आत काळोख, थोडी वाळू काचेला चिकटलेली.

काचेवर आतून वाफ धरली.

मग विरली. मग परत धरली, तेवढीच, आणि विरली. आरशाजवळ तोंड नेऊन श्वास सोडला की होतं ना, तसं. मार्तंडराव बघत राहिले. आत ऊब आहे, बाहेर काच थंड आहे, त्याचं होतं असं, ते मनाला सांगत होते. पण ऊब अशी थांबून थांबून येत नाही, हेही त्यांनाच ठाऊक होतं. आणखी थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की वाफ धरते ती आपण श्वास सोडतो तेव्हाच. त्यांनी श्वास रोखला. काच स्वच्छ राहिली. त्यांनी सोडला, काच धुरकटली.

त्यांनी पान्हा झाकणाच्या नटाला लावला. आणि आतून, अगदी काचेमागून, कोणीतरी बोलायच्या आधी घसा साफ केला.

अंहं-अंहं.

पान्हा तिथंच पडला. मार्तंडराव अंगणात आले आणि उन्हात उभं राहून त्यांनी रजतला फोन लावला. "कार्ट्रिज लाव," ते म्हणाले. "उद्याच लाव. आणि ही टाकी घेऊन जाय माह्या घरातून. उघडू नको, तशीच ने."

"अचानक काय झालं काका?"

"अंह..." मार्तंडरावांनी घसा खाकरला. कंठ हलला, पण आवाज अर्धाच निघाला. "काही नाही. ठरलं."

७

कोजागिरीची सकाळ. मिनल आटवायला दूध आणून ठेवत होती. रजत दोन हमाल आणि छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला. नवा फिल्टर दुपारपर्यंत बसला, दंडगोल, पांढरा, गरीब दिसणारा. रजतनं मोटार सुरू केली आणि विजयानं पाहिलं. "बोललो होतो ना काका, आवाजच नाही."

मार्तंडरावांनी मान हलवली. सकाळपासून ते मानच हलवत होते. घसा बसला असेल म्हणून मिनलनं हळद घातलेलं दूध दिलं होतं.

हमालांनी जुनी टाकी उचलून गाडीत चढवली, दोरी आवळली. सिंधूताईंची खुर्ची फाटकाशी होती. त्यांनीच हट्ट धरला, मले पाहू द्या म्हणून. गाडी सुरू झाली, फाटकाच्या उंबऱ्यावरून एक चाक चढलं आणि टाकी हलली.

अंहं-अंहं.

रजतनं खिडकीतून मागं वळून पाहिलं. मार्तंडराव खुर्चीच्या मागंच उभे होते, तोंड बंद.

सिंधूताई ताठ झाल्या. मान कलती झाली, डोळे मिटले, चेहऱ्यावर डबा ओळखलेल्या पोरीचा आनंद आला. लग्नातल्या उखाण्यानंतर जे कधी घेतलं नव्हतं, ते नाव त्यांनी मोठ्यानं, स्पष्ट घेतलं.

"मार्तंड!" त्या म्हणाल्या. "वळखलं!"

"बाबा!" मिनल ओरडली. "आईनं तुमचं नाव घेतलं!"

गाडी फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागली. सिंधूताई खुर्चीची दांडी धरून उठायला बघत होत्या, लुळा पायसुद्धा जमिनीवर रेटत. नजर गाडीवर. आणि मग ती हाक आली, जिच्यासाठी घर विकलं होतं. पोटातून, जीव लावून, लांबवून.

"अजीऽऽ! अजीऽऽ!"

मार्तंडरावांच्या डोळ्यांना पाण्याच्या धारा लागल्या. त्यांनी पुढं येऊन बायकोचे खांदे धरले, तिच्यासमोर वाकले, तोंड उघडलं. कंठ हलला, ओठ हलले. सिंधूताई त्यांच्या खांद्यावरून पलीकडं बघत होत्या.

"बाबा, आई हाक मारून राहिली ना," मिनल हसत, रडत म्हणाली. "ओ द्या ना!"

मार्तंडराव पत्नीच्या चेहऱ्यासमोर ओठ हलवत राहिले. गाडी वाडीकडच्या वळणावर पोहोचली होती. तिथून, ट्रकांच्या गर्दीतून, बारीक पण स्पष्ट, त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला.

"ओ!"

सिंधूताईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि खुर्चीत निवांत टेकल्या.

"आहेत," त्या मिनलला म्हणाल्या. "मले वाटलं, गेले का काय."